एक वार, दोन वार

आमच्या गावच्या देवळात वर्षातून एक दिवस एकच कोंबडी तीन-तीनदा विकली जाते. पाय बांधलेले, चोच अर्धी उघडी, अशी ती टेबलावर पडून असते. पहिला घेणारा पैसे मोजतो आणि कोंबडी परत टेबलावर ठेवतो. दुसरा तेच करतो. तिसरा मात्र तिला पिशवीत घालून घरी नेतो, कारण तोवर दुपारचा एक वाजलेला असतो आणि रस्सा शिजायलाही वेळ लागतो.

देऊळ म्हणजे चर्च. शहरातल्या मैत्रिणींशी बोलताना मी देऊळ म्हटलं की त्या जरा थबकतात. पण माझी आज्जी मरेपर्यंत देऊळच म्हणायची. "देवळात जाऊन आलो," असं. (कोल्हापूरकडच्या बायका 'आले' म्हणत नाहीत, 'आलो' म्हणतात. त्यात धर्म आडवा येत नाही.) दारावरच्या पाटीवरही 'ख्रिस्ती उपासना मंदिर' असंच लिहिलंय. त्याखाली बारीक अक्षरांत 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या तेव्हा हे नाव पडलं. कोल्हापूर उत्तर भारतात मोडतं, हे मला भूगोलाच्या पुस्तकानं कधी सांगितलं नाही, या पाटीनं सांगितलं.

गावाचं नाव लिहीत नाही. ख्रिस्ती घरं मोजून तीसेक. नाव लिहिलं तर यातला कोण कोणाचा, ते पंचक्रोशीत लगेच कळेल. वारणेच्या खोऱ्यात आहे आणि कोडोलीपासून लांब नाही, एवढं पुरे. कोल्हापुरातून पुणे-बंगळूर हायवेला लागायचं, शिरोली आणि टोप मागं टाकायचं आणि किणीचा टोल यायच्या आधी वाठारला डावीकडं वळायचं. वळलं की डाव्या हाताला जोतिबाचा डोंगर दिसायला लागतो आणि पुढं बराच वेळ सोबत करतो. चैत्रात या रस्त्यानं सासनकाठ्या जातात. लहानपणी आम्ही देवळाच्या पायरीवर बसून त्या बघायचो आणि 'चांगभलं' ओरडायचो. रविवारच्या शब्बाथ शाळेच्या बाई आतून डोळे वटारायच्या, पण त्यांच्याही साडीवर गुलाल असायचा.

ही गावं आता धड गावं राहिली नाहीत आणि शहरंही झाली नाहीत. वाठार म्हणजे हायवेचा फाटा: उभे ट्रक, टायरवाले, चहा आणि मिसळ. कोडोली म्हणजे जुनी बाजारपेठ, जिथं लग्नाचा बस्ता आणि पंपाचा वायसर एकाच फेरीत आणता येतो. वारणानगर तर एका माणसाच्या हट्टातून उभं राहिलं. तात्यासाहेब कोऱ्यांनी १९५०च्या दशकात तिथं सहकारी साखर कारखान्याचा घाट घातला, मग दूध संघ आला, कॉलेजं आली, मुलांचा वाद्यवृंदसुद्धा आला. रविवारी आमच्या देवळात बसलेली माणसं म्हणजे या सगळ्या गावांची बेरीज असते. कारखान्यातला फिटर, नव्या पारगावहून येणारी नर्स, वडगावात शिकवणाऱ्या बाई, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, आणि पहिल्या बाकावर ज्यांना आता काहीच ऐकू येत नाही अशा चार म्हाताऱ्या. बाकी जमीनजुमला म्हणाल तर फार थोड्यांकडं.

"तुम्ही गोव्याचे का?" हा प्रश्न मला आयुष्यात किती वेळा विचारला गेला असेल, त्याचा हिशोब नाही. आडनाव ऐकलं की लोक गोंधळतात, कारण ते पक्कं इकडचं आहे. "मग घरी कोणती भाषा बोलता?" असंही विचारतात. मी सांगते, शिव्या कोणत्या भाषेत देतो ते ऐका, म्हणजे कळेल.

तर गोवा नाही, अमेरिका. रॉयल गूल्ड वाइल्डर नावाचा मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आला. त्याचा ओढा शाळा काढण्याकडं. ज्या बोर्डानं त्याला पाठवलं, त्यांना शाळांचा हा सोस पटेना. दोघांचं वाजलं, वाइल्डर बोर्डापासून तुटला आणि स्वतःच्या हिमतीवर पुन्हा कोल्हापुरात येऊन बसला. १८७० साली प्रेसबिटेरियन मिशननं त्याचं काम पदरात घेतलं. वरिष्ठांशी भांडून आपलंच खरं करणारा माणूस कोल्हापुरात रुजला यात मला काही नवल वाटत नाही. पुढं १८७७मध्ये मिशनचं ठाणं पन्हाळ्यावर झालं आणि १८९३मध्ये ते गडावरून खाली कोडोलीत आलं. गडावर हवा थंड, पण माणसं खाली, हे कळायला साहेबांना सोळा वर्षं लागली, असं पप्पा म्हणतात. १८९४ला डॉक्टर वानलेसांनी मिरजेत दवाखाना उघडला, आणि तिथं पुढं आमच्या लोकांच्या किती मुली नर्स झाल्या. माझी आईही त्यातलीच. कोडोली-मिरज हा रस्ता आमच्याकडं बायकांच्या शिक्षणाचा रस्ता होता.

ख्रिस्ती झाले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे. हे लिहिताना अजूनही पेन जरा अडतं. त्याचं एक कारण असं की कागदावर आम्ही नेमके कोण, हे ठरलेलं नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दाखला आधी फक्त हिंदूंना मिळाला, मग १९५६ला शिखांना, १९९०ला बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्याला नाही. गावानं मात्र आमची जात कधी विसरायची ठरवली नव्हती. त्यामुळं आजोबांच्या पिढीत कित्येकांची दोन-दोन नावं असायची. देवळाच्या रजिस्टरात एक, हजेरीच्या मस्टरवर एक. आजोबांना कोणी कोणत्या नावानं हाक मारली त्यावरून आज्जी ओळखायची, की माणूस कुठल्या आळीतून आलाय.

असो. मला सांगायचं होतं ते हंगामाच्या सणाचं.

सुगी आटोपली, भात-सोयाबीन घरात आलं, उसाला कोयता लागला, की त्या सुमाराला एक रविवार ठरवतात. पिकातलं पहिलं, चांगलं, ते देवाला आणायचं. छापील पत्रिकेत याला 'उपकारस्तुती' म्हणतात. लोक 'हंगामाचा सण' म्हणतात. आदल्या रात्री पोरं उसाचे वाढे दारावर बांधतात, वेदीपुढं पोत्यावर पोती रचतात. सकाळी आत शिरलं की आधी वास येतो: नवा तांदूळ, झेंडू, पेरू, कोथिंबीर, आणि कुणीतरी टोपलीतून आणलेल्या कोंबड्यांचा. पाळकसाहेबांचा उपदेश त्या दिवशी आखूड असतो. पेटी-ढोलकीवर भजनं होतात. एरवी 'तुम्हांस', 'आम्हांस' असल्या जुन्या शास्त्राच्या मराठीत प्रार्थना करणारे वडीलजनही त्या दिवशी घसरतात. माझी आज्जी तर सुरुवात करायची "हे दयाळू स्वर्गीय बापा" अशी, आणि दोन वाक्यांत "औंदा भुईमुगाला पाऊस कमी घाटलास, ध्येनात हाय माझ्या" यावर यायची. देवाशी हुज्जत घालायची तिची पद्धत वेगळी होती. ती त्याला उधारीची आठवण करून द्यायची.

उपासना संपली की टेबल बाहेर मांडवात येतं आणि लिलाव सुरू होतो. पुकारणारे काका कारखान्याच्या काट्यावर होते. आयुष्यभर उसाच्या गाड्या मोजल्या, त्यामुळं आवाज ट्रॅक्टरच्या वर जाणारा. "बोला मंडळी, बोला! वाळकं हायत, गोड हायत, कडू निघाली तर पाळकसायबास्नी परत करा!" कोल्हापूरच्या मार्केट यार्डात दिवाळीच्या पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, तिथली सगळी ऐट या टेबलाला असते. फक्त इथं भाव उलटे. पंधरा रुपयांची कोथिंबिरीची पेंडी दोनशेला जाते आणि पोतंभर तांदूळ बाजारभावालाच. कारण कोथिंबीर आणणारीच्या परड्यात तेवढंच पिकतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथं बोली मालावर लागत नाही.

परवाचं अंडं सांगते. पहिल्या बाकावरच्या चार म्हाताऱ्यांतली एक पदराच्या गाठीत एक अंडं घेऊन आली होती. एकच. काकांनी ते दोन बोटांत धरून वर केलं, नवरीचा हिरा दाखवावा तसं. शंभरापासून सुरू झालं. फिटरनं तीनशेला घेतलं आणि परत दिलं. पुण्याहून आलेल्या एका पोरानं फोनवर बायकोला व्हिडिओ लावला होता, बायको तिकडून ओरडली, "चारशे!" तिचं झालं, तेही परत आलं. तिसऱ्या फेरीला पाचशे एक. "एक वार... दोन वार..." आणि तीन वार म्हणताना काकांनी टेबलावर हात आपटला, त्याच हातात अंडं होतं. क्षणभर मांडव गप्प. मग जे हसू फुटलं, ते ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचलं. घेणाऱ्यानं पाचशे एक मोजले आणि बलक पुसायला आपला रुमाल पुढं केला. जिनं अंडं आणलं होतं ती म्हातारी काकांना म्हणाली, "पोरा, हात भाजला न्हाई न्हवं?"

या सगळ्यात सर्वांत शेवटी निघतो तो गुळाचा रवा.

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. रवा म्हणजे लाडवाचा नाही. आमच्याकडं गुळाच्या मोठ्या ढेपेला रवा म्हणतात. बाजारातला नेहमीचा तीस किलोचा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळं मात्र एकामागून एक थंड झाली. माणसं मिळत नाहीत, आणि ऊस कारखान्याला घालणं सोपं. आमच्या गावात एकेकाळी तीन गुऱ्हाळं धुरायची. त्यातल्या एकावर माझे आजोबा कामाला होते.

गुऱ्हाळात मान असतो गुळव्याचा. काहिलीत रस उकळत असतो, तो त्यात भेंडीचं पाणी घालून मळी वर आणतो, पाक बोटानं पाण्यात सोडून बघतो आणि काहिली कधी उतरायची ते ठरवतो. आजोबा गुळव्या नव्हते. ते खाली, चुलवणाच्या तोंडाशी बसून चिपाडं आत ढकलायचे. वर काहिलीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. का, ते वेगळं सांगायला नको. पण वीस-बावीस हंगाम जाळापाशी काढलेल्या माणसाला रसाच्या आवाजावरून पाक कळतो. पप्पा सांगतात, गुळव्या नवा असला की खाली वाकून हळूच विचारायचा, "काय वाटतंय?" आणि आजोबा जाळाकडं बघतच म्हणायचे, "आजून दोन उकळ्या."

हंगाम सुरू झाला की रोजगाराशिवाय त्यांना एक रवा मिळायचा. तो ते डोक्यावर घेऊन थेट देवळात आणायचे. घरात आधी ठेवला तर पोरं फोडतील म्हणून.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मी शंभरदा ऐकली आहे आणि दोन तऱ्हांनी. साल १९६१च्या आसपास, पप्पा पाचवीत. त्या वर्षी लिलावाला गुऱ्हाळाचे मालक आले. मिशनच्या शाळेत त्यांची पोरं शिकत होती, मास्तरांनी बोलावलं असेल. मांडवाच्या कडेला, चपला न काढता उभे राहिले. आजोबांचा रवा टेबलावर आला. आमच्यातल्या कुणीतरी पंधरा म्हटलं, कुणी सतरा. मालक म्हणाले, पन्नास. त्या काळचे पन्नास रुपये. पुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. तीन वार झालं. मालकांनी नोटा टेबलावर ठेवल्या, आजोबांकडं बघून मान हलवली आणि निघून गेले. रवा तिथंच पायरीवर राहिला.

आज्जी म्हणायची, "लई मोठ्या मनाचा मानूस. रीत बघितली आनि रीत पाळली. घेतला आनि परत दिला, जसं आपन देतो."

पप्पा म्हणतात, "रीत न्हाई, काय न्हाई. आपला हात लागल्याला गूळ घरात न्यायचा नव्हता त्यास्नी. आनि आपल्या गुऱ्हाळाचा रवा सतरा रुपयाला गेला, असं गावात व्हायला नको हुतं."

दोघंही तिथं हजर होते. दोघांनी तोच माणूस, तीच पायरी, तोच रवा पाहिला. आजोबांना मी विचारलं असतं, पण मला विचारायचं सुचेपर्यंत ते गेले. आज्जीच्या सांगण्यावरून एवढंच कळतं, की त्या रात्री त्यांनी रवा कोयत्यानं फोडून तीस घरी वाटला, आणि स्वतःसाठी खडा तेवढा ठेवला.

पप्पा मोठे झाले ते कारखान्यात लागले. पॅनमन, म्हणजे पाकातून साखरेचा दाणा धरणारा, म्हणून निवृत्त झाले. बापाच्या वाट्याला गुळाचा जाळ, लेकाच्या वाट्याला साखरेचा दाणा. पॅनवर उभं राहून काचेच्या पट्टीवर दाणा घेऊन उजेडाला धरायचा, हे त्यांनी तीस वर्षं केलं. तरी दर वर्षी हंगामाच्या सणाला रवा मात्र आमच्याच घरचा. पप्पा कुठल्या तरी गुऱ्हाळावर स्वतः जाऊन, पाक बघून आणायचे. गेल्या दोन वर्षांपासून ते माझ्याकडं कोल्हापुरात असतात, गुडघे साथ देत नाहीत. म्हणून यंदा मी गेले मार्केट यार्डात आणि एक आणला. पिवळाधमक, देखणा, कापडाची घडी उमटलेला. गाडीत ठेवला तेव्हा मलाच माझं कौतुक वाटलं.

वाठारला चहाला थांबलो. पप्पांनी मागं वळून रव्याचा कोपरा नखानं खरवडला, जिभेवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साखर हाय ह्यात."

म्हटलं, "पप्पा, चांगल्या दुकानातून आणलाय."

"मी तीस वर्षं साखर केली. मला सांगालीस व्हय? रंगाला भुललीस. गूळ एवढा पिवळा नसतोय."

गुळात साखर मिसळतात, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला नव्हतं असं नाही. पण आता परत फिरायला वेळ नव्हता. देवाला साखरमिसळ गूळ न्यायचा, या शरमेत मी उरलेला रस्ता गप्प बसले. पप्पाही गप्प होते, पण त्यांचं गप्प बसणं वेगळं होतं. ते खूश होते. आपली जीभ अजून चालते, याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

लिलावात रवा शेवटी निघाला, अंडं फुटल्यानंतर. लोक हसून मोकळे झालेले, खिसेही मोकळे. बोली दोन हजारांवर गेली तेव्हा मांडवाच्या कडेनं आवाज आला, "तीन." मान वळवून बघितलं तर गुऱ्हाळमालकांचा नातू. चाळिशीचा असेल, ऊस कारखान्याला घालतो, वडगावात खतांचं दुकान आहे. अलीकडं दर वर्षी येतो, असं मला कोणी सांगितलं. चपला काढलेल्या होत्या. खुर्चीवर बसला होता.

पप्पा ताठ झाले. मी त्यांचा हात धरला, पण त्यांनी काही केलं नाही, नुसतं बघत राहिले. "तीन हजार एक वार, दोन वार, तीन वार!" नातवानं पैसे मोजले. मग टेबलापाशी आला, रव्यावरून हात फिरवला आणि काकांना म्हणाला, "परत लावा."

मांडवात टाळ्या पडल्या. रीतच ती. पण पप्पा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. आणि टाळ्यांच्या वर आवाज काढून विचारलं, "का रं? घरला न्हेत न्हाईस?"

टाळ्या थांबल्या. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. ज्यांना ती जुनी गोष्ट ठाऊक होती ते सगळे एकाएकी आपापल्या पिशव्यांत बघायला लागले. नातवाला मात्र ती कुणी सांगितलीच नसावी. तो सरळ चेहऱ्यानं, जरासा ओशाळून म्हणाला,

"काका, शुगर हाय मला. डॉक्टरनं गूळबी बंद केलाय. घरात ठेवला की खाल्ला जातोय बगा."

पप्पा त्याच्याकडं बघतच राहिले. मग काकांकडं वळून म्हणाले, "साडेतीन."

पुढं कुणी बोललं नाही. कोण बोलणार? तीन वार झालं, साडेतीन हजार मी भरले, आणि यार्डातून आणलेला माझाच रवा दोन पोरांनी उचलून परत माझ्याच गाडीत ठेवला. निघताना तो नातू खिडकीशी आला, पप्पांना वाकून नमस्कार केला. पप्पांनी "सलाम" केला. आमच्यात तसंच करतात. मग त्यांनी त्याला विचारलं, गोळी किती पावरची घेतोस, आणि स्वतःची सांगितली. दहा मिनिटं दोघं त्यावरच बोलत होते.

वारणानगर गेलं, पारगाव गेलं. जोतिबाच्या डोंगरावर दिवे लागले होते. वाठारच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा पप्पा मागं बघून, रव्याकडं, आणि मग स्वतःशीच म्हणाले,

"शुगर हाय म्हनं."